खुनाचं गाईड

पार्सल घरी यायच्या आधी त्याची बातमी घरी आली.

आमच्या तालुक्याच्या गावात कुरिअरवाला पोरगा पत्ता वाचत नाही. आडनाव वाचतो आणि एसटी स्टँडसमोरच्या पेपरवाल्याकडे टाकून जातो. पेपरवाला पाकीट उलटसुलट करून बघतो, दाबून बघतो आणि आमच्या गल्लीकडे जाणारं कुणी दिसलं की त्याच्या हातात देतो. भाचीचं पुस्तक या मार्गानं दोन दिवस गावभर हिंडलं. पाकीट एका कोपऱ्यात फाटलं होतं. ते आपोआप फाटलं, याबद्दल गावात एकमत आहे. तिसऱ्या दिवशी मी पोहे घ्यायला किराणा दुकानात गेलो, तर दुकानदार तराजूवरची नजर न काढता म्हणाला,

"भाचीला गाईड मागवलंत म्हणे."

"गाईड?"

"इंग्लिशमधलं. नववीलाच लागतं का हो आता? आमच्या वेळी दहावीला घ्यायचे." मग आवाज उतरवून, "विषय मात्र नवीन दिसतोय. खून."

पुस्तकाचं नाव 'अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर'. होली जॅक्सन या ब्रिटिश लेखिकेची ही कादंबरी 2019 साली आली आणि जगभरच्या पोरापोरींनी ती डोक्यावर घेतली. 2024 मध्ये तिच्यावर मालिकाही निघाली. भाचीनं ती दोन रात्रींत संपवली आणि माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "मामा, वाच. यंग अडल्ट आहे, पण तुला जमेल."

'यंग अडल्ट'ला मराठीत काय म्हणायचं यावर मी बराच वेळ घालवला. बालसाहित्य आहे, कुमारसाहित्य आहे, 'किशोर' नावाचं मासिक तर 1971 पासून आहे. पण तेरा ते अठरा या वयाला आपल्या घरांमध्ये प्रत्यक्षात एकच शब्द वापरतात, तो म्हणजे 'दहावी'. आधीची दोन वर्षं दहावीची तयारी, नंतरची दोन दहावीचा परिणाम. या वयाच्या मुलीनं खुनाचा तपास लावायचा म्हटलं तर आधी क्लासची बॅच बदलून घ्यावी लागेल.

कादंबरीतल्या पिपला ही अडचण नाही. ती सतरा वर्षांची आहे, केंब्रिजला जायच्या तयारीत आहे आणि शाळेचा प्रकल्प म्हणून पाच वर्षांपूर्वीचं खुनाचं प्रकरण उकरून काढते. अँडी बेल नावाची मुलगी नाहीशी झालेली. तिच्या मित्रानं, सॅल सिंगनं, तिला मारलं आणि मग स्वतःचा जीव घेतला, असं पोलिसांनी ठरवलं आणि गावानं मान्य केलं. पिपला ते पटत नाही. सॅलच्या धाकट्या भावाला, रवीला, बरोबर घेऊन ती एकेकाच्या मुलाखती घ्यायला लागते. पुढचं सांगत नाही. एक तर ते सांगायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे आमच्या गावात ते आता पुष्कळांना माहीत आहे.

घटना घडते लिटल किल्टन नावाच्या छोट्या गावात. ते बकिंगहॅमशायरमध्ये असल्याचं लेखिका सांगते, पण नकाशावर सापडत नाही. गंमत म्हणजे अमेरिकी आवृत्तीसाठी अख्खं गाव उचलून कनेटिकटला नेलं आणि त्याचं नाव फेअरव्ह्यू ठेवलं. गाव बदललं, देश बदलला, तरी खुनी तोच राहिला. आमच्याकडे नुसता तलाठी बदलला तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलायची भीती असते.

सिंग कुटुंबाला गाव कसं टाळतं, याची पानं वाचताना मात्र हसू आलं नाही. त्या कामात आपण इंग्रजांना शिकवू शकतो. त्यापायीच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा करावा लागला.

पण बाकीचं? छोटं गाव, आणि त्यात पाच वर्षं टिकलेलं गुपित! इंग्रजांच्या छोट्या गावांबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे. एनिड ब्लायटनच्या पीटर्सवूडमध्ये पाच पोरं आणि एक कुत्रा मिळून पंधरा पुस्तकं तपास करतात आणि गावचा पोलीस, तो गून, प्रत्येक वेळी चुकीच्या माणसामागे धावतो. आमच्या गावचा हवालदार कधीच चुकीच्या माणसामागे धावत नाही. बरोबर माणूस त्याला पहिल्या दिवशीच माहीत असतो. तो फक्त धावत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. मला सारखी तहान लागायला लागली म्हणून साखर तपासून घ्यायची होती. गावातल्या लॅबमध्ये गेलो तर बोभाटा होईल, म्हणून मुद्दाम सकाळच्या एसटीनं पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्याला गेलो. उपाशीपोटी रक्त दिलं, इडली खाल्ली, पुन्हा रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट खिशात घालून परत आलो. घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. स्टँडवर उतरून नेहमीच्या हॉटेलात टेकलो. मी तोंड उघडायच्या आत मालकानं आत हाक दिली, "एक कट, बिनसाखरेचा!"

आजतागायत मला त्या हॉटेलात साखरेचा चहा मिळालेला नाही. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे विचारायची सोय नाही, कारण विचारलं की कबूल केल्यासारखं होतं.

हाच आमच्याकडचा कायदा आहे. इंग्रजी कादंबरीत गुपित म्हणजे जे एकालाच ठाऊक असतं आणि बाकीचे शोधत असतात. आमच्याकडे ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे फक्त ज्याचं गुपित असतं त्याला ठाऊक नसतं. त्याला ते कळू न देणं हे अख्ख्या गावाचं काम. अशा ठिकाणी गुप्तहेरानं शोधायचं तरी काय?

रहस्यकथा वाचायच्या म्हटल्या तरी हाच खोडा. आमच्या 'ब' वर्ग वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांची दोन कपाटं होती. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस, दोन कपाटं म्हणजे नमुनाच. त्यातल्या बहुतेक पुस्तकांत बाराव्या-तेराव्या पानावर, जिथे एखादं पात्र पहिल्यांदा दारातून आत येतं, तिथे समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं : 'हाच तो.' हे कोण लिहायचं तेही सगळ्यांना माहीत होतं. ते पोस्टातून निवृत्त झाले होते आणि रोज दुपारी अडीच ते पाच वाचनालयात बसत. ग्रंथपालकाकांनी त्यांना कधी टोकलं नाही. उलट पुस्तक घेताना सांगायचे, "हे कोरं आहे, अजून त्यांनी वाचलेलं नाही," आणि आम्ही ते आधी घ्यायचो.

आता माझ्याकडे येतो.

1987 साली दूरदर्शनवर फास्टर फेणे आला. सुमीत राघवन फेणे झाला होता. भा. रा. भागवतांची पुस्तकं मी त्याआधीच वाचून वाचून खिळखिळी केली होती, पण पडद्यावर तो चालताबोलता दिसला आणि माझं डोकं फिरलं. काटकुळा, सायकलवर स्वार, 'ट्टॉक्' करणारा बनेश फेणे. आणि मुख्य म्हणजे फुरसुंगीचा! आज फुरसुंगी म्हटलं की लोकांना पुण्याचा कचरा आठवतो, पण आम्हाला ते नाव लंडनच्या बेकर स्ट्रीटइतकं भारदस्त वाटायचं. फुरसुंगीच्या पोराला जमतं तर आपल्याला का नाही?

मी आणि माझा जोडीदार, दोघं आठवीत. जोडीदार आता पतसंस्थेत संचालक आहे म्हणून त्याचं नाव घेत नाही. आम्ही 1988 च्या उन्हाळ्यात गावात रहस्य शोधायला सुरुवात केली. एक वही केली, एक भिंग मिळवलं. ओढ्याच्या पुलाखाली दोन संध्याकाळी बसलो. तिथे जे दिसलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. स्टँडवर एका अनोळखी माणसाचा पाठलाग केला, तर तो वळून म्हणाला, "तू अमक्याचा धाकटा ना? वडलांना सांग, खताचं बिल राहिलंय." तीन महिने गेले. गावात एक गुन्हा होईना, आणि झालाच तर त्याच्या आधी उत्तर यायचं.

शेवटी आम्ही विचार केला, की गुन्हा होत नसेल तर आपणच करावा. म्हणजे तपासाला काहीतरी मिळेल.

आमच्या शाळेला पितळी घंटा नव्हती. व्हरांड्याच्या तुळईला तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता, फूटभर लांबीचा. शिपाईमामा त्याच्यावर लोखंडी बोल्टानं टोले द्यायचे. ठण्ण असा आवाज नदीपलीकडे जायचा. जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही तो तुकडा काढला, सायकलच्या कॅरियरला बांधला आणि आमच्या माळ्यावर, भाताच्या पोत्यांमागे लपवला. सोमवारी शाळेत हाहाकार उडेल आणि मग आपण पुढे होऊन म्हणू, "सर, हे काम आमच्यावर सोपवा."

सोमवारी शिपाईमामांनी स्टीलची परात आणली आणि ती वाजवली. झालं. परातीचा आवाज तिसऱ्या वर्गापलीकडे जाईना, म्हणून आमचा शेवटचा तास, गणिताचा, वीस मिनिटं जास्त चालला. एवढाच काय तो परिणाम.

तरी आम्ही गेलोच मुख्याध्यापकांकडे. तपासाची परवानगी मागितली. मोठा सज्जन माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि गंभीरपणे म्हणाले, "करा. मला काय विचारायचं ते आधी विचारा. मीही संशयित आहेच." आम्ही त्यांची जबानी घेतली. शिपाईमामांची घेतली. व्हरांड्यात रांगोळी पसरून पावलांचे ठसे घेतले. ते आमचेच निघाले, तसं दाखवायचं नाही असं ठरलं. तीन आठवडे आम्ही चोराच्या मागावर होतो, आणि चोर पावलापावलाला आमच्याबरोबर होता.

मग एक विचित्र गोष्ट घडली. तुकडा परत नेऊन ठेवायचा, तो 'ओढ्यात सापडला' म्हणून सांगायचं आणि प्रकरण यशस्वीपणे मिटवायचं, असं ठरवून मी माळ्यावर चढलो, तर पोत्यांमागे तुकडा नव्हता. चोरीचा माल चोरीला गेला होता. तक्रार कुठे करणार? जोडीदाराला वाटलं मी भंगारात विकला, मला वाटलं त्यानं विकला. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. छत्तीस-सदतीस वर्षं हे एकच रहस्य माझ्या आयुष्यात होतं, आणि ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

आता भाचीचा प्रकल्प. नववीला जलसुरक्षा नावाचा विषय आहे आणि त्यात घरच्या पाण्याचा हिशेब मांडायचा असतो. त्यासाठी ती आमच्या गच्चीवरची टाकी मोजायला गेली. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडतं म्हणून त्याच्यावर आईनं वजन ठेवलेलं आहे. जुन्या नऊवारीच्या कापडाची खोळ घालून दोऱ्यानं पक्कं शिवलेलं. मी दर दिवाळीला टाकी धुताना ते उचलून बाजूला ठेवतो. आत दगड आहे, असा माझा समज. भाचीचा समज कशावरच नसतो. तिनं शिवण उसवली.

"मामा," ती वरून ओरडली, "टाकीवर रेल्वे कशी आली?"

मी गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. खोळ उलगडून पडली होती आणि मध्ये तो होता. एका बाजूला बोल्टाचे टोले बसून बसून चकचकीत वाटी पडलेली, तारेसाठी पाडलेलं भोक, भोकात गंजलेल्या तारेचा अर्धा वेढा अजून तसाच. मी काहीच बोललो नाही. भाची माझ्याकडे बघत होती. चांगल्या मुलींसाठीचं ते गाईड तिनं दोनदा वाचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वहीत पिपसारखा तक्ता आखला. संशयित, हेतू, संधी. त्याआधी तिनं तुकडा वजनकाट्यावर ठेवला होता : साडेतेरा किलो. तिनं शोधून काढलं, की जुन्या मापाचा रूळ यार्डाला 90 पौंड असायचा, म्हणजे फुटाला 30 पौंड, म्हणजे जवळपास तेवढेच. "फूटभर तुकडा, उंचावरून काढलेला. एकानं तार सोडली, दुसऱ्यानं पेलला. म्हणजे दोघं होते, मामा. आणि लहान होते, कारण मोठ्यांना इतकं बिनकामाचं सुचत नाही."

मी म्हटलं, "जलसुरक्षेचं काय झालं?"

"टाकीचं झाकण हा जलसुरक्षेचाच भाग आहे."

पुढचे आठ दिवस ती गावात मुलाखती घेत हिंडली. इथे एक गोष्ट नोंदवतो. फेणे फुरसुंगीहून सायकल हाणत कुठेही जायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. माझ्या भाचीला घरापासून चौकापर्यंत अकरा जणांनी विचारलं, "कुठं निघालीस? एकटीच?" तिनं मोजले. शेवटी तिनं तेच प्रश्न उलटे फिरवले. विचारणाऱ्यालाच थांबवायचं, वही काढायची आणि म्हणायचं, "मी प्रकल्पासाठी निघालेय. बरं झालं भेटलात. शाळेची घंटा 1988 साली कुणी चोरली?"

संध्याकाळी ती वही मला वाचून दाखवायची आणि मी चेहरा सरळ ठेवायचा. ग्रंथपालकाका : "मला आठवत नाही. तुझ्या मामाला विचार." किराणा दुकानदार : "जुनी गोष्ट आहे. मामाला विचार की." पतसंस्थेतला संचालक : "मी मीटिंगमध्ये आहे." त्याच्या नावापुढे तिनं लाल शाईनं गोल केला. सातव्या दिवसापर्यंत 'मामाला विचार' हे उत्तर चौदा वेळा आलं होतं.

"मामा, सगळे तुझंच नाव का सांगतात?"

"मी तेव्हा त्या शाळेत होतो ना. साक्षीदार म्हणून."

"हं," ती म्हणाली, आणि वही मिटली.

आठव्या दिवशी ती मला घेऊनच शिपाईमामांकडे गेली. ऐंशी ओलांडलेले, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. भाचीनं तुकडा पिशवीतून नेला होता, म्हणजे मला न्यायला लावला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, वाटीवर अंगठा फिरवला.

"आरं, अजून टिकलाय की," ते म्हणाले. मग भाचीला, "बाई, ह्यात कसला तपास? त्या सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी तुझी आजी आलती हेडसरांकडं. म्हनली, रूळ आमच्या माळ्यावर हाय. पोराला बोलू नका, त्याला तपास करायचाय म्हनं. चाळीस रुपये दिलं नव्या घंटेला. सरांनी समद्या मास्तरांना बसवून सांगितलं, पोरं इचारायला येतील, सरळ तोंडानं जबानी द्या, कुनी हसायचं न्हाई." ते माझ्याकडे वळले. "माझी जबानी लई लांबली बगा. कडंकडंला हसू आवरंना, म्हून मी खोकल्याचं निमित्त केलं."

मला तो खोकला आठवला. मी वहीत 'संशयास्पद खोकला' असं लिहिलं होतं.

"म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुमी कवा सांगताय, हीच वाट बगत होतो. हेडसर जाताना बी इचारत होते, बोलला का म्हून."

घरी आलो तेव्हा आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तुकडा पिशवीतून काढून तिच्यासमोर ठेवला. भाचीनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि रीतसर विचारलं, "आजी, माल माळ्यावरून तू का हलवलास?"

"उंदरांनी पोती फाडली होती, ती बघायला चढले तेव्हा आधी दिसला. मग तिथून काढून हौदावरच्या फळीला ठेवला. फळी सारखी सरकायची. पुढं टाकी झाली तेव्हा टाकीवर." तिनं एक मिरची उलटी केली. "तुझ्या मामानं घरात आणलेल्या वस्तूंपैकी ही एकच कामाला आली."

भाचीनं ते शब्दशः लिहून घेतलं.

मी चपला घालून बाहेर पडलो. मनात होतं, आधी जोडीदाराला गाठावं. एका वर्षाच्या अबोल्याचा हिशेब बाकी होता. पण स्टँडपर्यंत पोचेस्तोवर पाय थकले, म्हणून नेहमीच्या हॉटेलात टेकलो. ओट्यावरून उठून मला पाऊण तास झाला असेल. मालकानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत हाक दिली,

"एक कट. साखरेचा!"

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"आज चालतोय," तो फडक्यानं टेबल पुसत म्हणाला. "उद्यापासून परत बंद."